सार्वजनिक आरोग्यासाठी जीआयएस शिकायचंय: सुरुवात कुठून करावी?

कोरीपाटी

नमस्कार मंडळी.

साथरोग सर्वेक्षणात काम करणाऱ्या बहुतेकांना एक्सेल येतं, दर आणि गुणोत्तरं येतात, साथीचा आलेखही काढता येतो. नकाशा, म्हणजे जीआयएस (माहिती संगणकावरच्या नकाशाला जोडण्याचं तंत्र) म्हटलं की मात्र घोडं अडतं. नेटवरचे बहुतेक धडे नगररचना किंवा वनखात्याच्या गरजेतून तयार झालेले. त्यात रस्ते, उतार, उपग्रहचित्रं भरपूर, रुग्णयादी कुठेच नाही.

म्हणून हा धागा. प्रश्न तीन:

१. सॉफ्टवेअर कोणतं धरावं?
२. शिकण्याचा क्रम काय असावा?
३. नवशिके हमखास कुठे अडकतात?

माझं मत आधीच सांगून टाकते. रुग्णांचे ठिपके नकाशावर आणायला सगळ्यात आधी शिकावं, बाकी सगळं मागाहून. ठिपके दिसले की शिकणाऱ्याला हुरूप येतो. जाणकारांनी खोडून काढावं किंवा दुजोरा द्यावा.

---

अक्षवृत्त

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: क्यूजीआयएस. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. उतरवून घेताना सगळ्यात नवी आवृत्ती न घेता 'दीर्घकालीन' म्हणून दिलेली घ्या. नव्या आवृत्तीत एखादं प्लगिन चालत नाही आणि नवशिक्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.

कार्यालयात आर्कजीआयएसचा परवाना असेल तर तेही चालेल. थर, तक्ता, जॉइन (तक्ता नकाशाला जोडणं), प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणणं), बफर (ठरावीक अंतराचा घेरा) या कल्पना दोन्हीकडे त्याच, फक्त बटणांच्या जागा वेगळ्या. सॉफ्टवेअर निवडण्यात आठवडा घालवू नका.

पुढे रुग्णांचे गठ्ठे (एका भागात अपेक्षेपेक्षा जास्त रुग्ण) शोधायचे झाले तर जिओडा आणि सॅटस्कॅन लागतील, दोन्ही फुकट. आर ही सांख्यिकीची संगणकभाषा येत असेल तर तिची एसएफ आणि टीमॅप ही पॅकेजेस घ्या, म्हणजे तोच नकाशा दर आठवड्याला नव्या आकड्यांनिशी आपोआप निघेल. पण पहिल्या महिन्यात आरच्या नादी लागू नका.

---

छेदबिंदू

कोरीपाटी ताई, हुरुपाचं पटलं, क्रमाचं नाही. ठिपक्यांपासून सुरुवात केली की पहिलाच नकाशा खोटं सांगतो आणि ती खोड पुढे जात नाही. रुग्णांचे ठिपके जिथे दाट, तिथे बहुतेक वेळा माणसंच दाट असतात. म्हणजे रोगाचा म्हणून आपण लोकसंख्येचाच नकाशा काढून ठेवतो.

हे हाताने करून बघायचं असेल तर एसएफ पॅकेजसोबत येणारा अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्याचा थर घ्या. १०० काउंट्या (तिथले जिल्हे) आहेत, प्रत्येकीचे १९७४ ते ७८ मधले जन्म आणि अर्भकांचे अचानक झालेले मृत्यू त्यात दिले आहेत. हा थर क्यूजीआयएसमध्येही उघडतो.

आधी नुसत्या मृत्यूंच्या आकड्यावर रंग द्या. मेक्लेनबर्ग काउंटी सगळ्यात गडद येईल: ४४ मृत्यू, सगळ्या काउंट्यांत जास्त. आता त्याच आकड्याला जन्मांनी भागा. तिथे जन्म २१,५८८, म्हणजे हजारी २.०४. आणि पूर्ण राज्याचा दर? ६६७ मृत्यू, ३,२९,९६२ जन्म, म्हणजे हजारी २.०२. पहिल्या नकाशात जी काउंटी सगळ्यात वाईट दिसत होती ती जवळजवळ सरासरीवरच बसली. गडद होते ॲन्सन: १५७० जन्म, १५ मृत्यू, हजारी ९.६. पहिल्या नकाशात तिच्याकडे कुणाचं लक्षही गेलं नसतं.

हा एक सराव केला की 'छेद कुठाय?', म्हणजे कशाने भागलंय, हे विचारायची सवय आयुष्यभर सुटत नाही. म्हणून माझा क्रम: आधी छेद, मग रंग, ठिपके शेवटी.

---

पायवाट

+१. वाचनखूण साठवली.

---

नोंदवही

छेदबिंदूंशी सहमत, पण त्यांच्याही आधी एक पायरी आहे, आणि वेळ खरा तिथे जातो. तक्ता. नकाशा बिघडला असं वाटतं तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा तक्ताच बिघडलेला असतो.

रुग्णयादी एक्सेलमध्ये आहे आणि गावांच्या सीमा नकाशाच्या थरात, असं समजा. दोन्हींना जोडणारा एक सामाईक रकाना हवा. नवशिके गावाचं नाव वापरतात आणि तिथेच फसतात. एकाच नावाची दोन गावं असतात, एकाच गावाची तीन स्पेलिंगं असतात, आणि नावाच्या शेवटी एक मोकळी जागा राहिली तर डोळ्यांना काही दिसत नाही पण जॉइन लागत नाही. म्हणून अधिकृत संकेतांक वापरायचा.

आता संकेतांकाची गंमत बघा. ०००४१७ असा संकेतांक एक्सेलने उघडला की ४१७ होतो. त्याला तो आकडा वाटतो, पुढची शून्यं तो गिळून टाकतो. तुम्ही सीएसव्ही साठवली, क्यूजीआयएसमध्ये आणली, आणि सीमांच्या थरात तोच संकेतांक मजकूर म्हणून ०००४१७ असाच आहे. जुळणी शून्य. उपाय:

- एक्सेलमध्ये फाइल थेट उघडू नका. डेटा आयात करताना तो रकाना 'मजकूर' म्हणून निवडा.
- क्यूजीआयएसमध्ये सीएसव्ही जोडताना रकान्यांचे प्रकार आपोआप ओळखण्याची खूण काढून टाका. मग सगळे रकाने मजकूर म्हणून येतात. जे खरे आकडे आहेत ते नंतर बदलून घ्या.
- शून्यं आधीच गेली असतील तर फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये एलपॅड हे फंक्शन वापरून सहा अंकांपर्यंत डावीकडून शून्यं भरा.
- नावांवरूनच जोडायची वेळ आली तर लेव्हनश्टाइन फंक्शन दोन नावांमधला अक्षरांचा फरक मोजून देतं. एक-दोनचा फरक असलेल्या जोड्या वेगळ्या काढायच्या आणि एकेक डोळ्यांखालून घालायची. आपोआप स्वीकारायच्या नाहीत.

जॉइन लागल्यावर पहिलं काम म्हणजे किती ओळी जुळल्या ते मोजणं. रंग द्यायला त्यानंतर बसा.

---

भिंगरी

नोंदवही काका, छान लिहिलंय. एक शंका. जॉइन नीट लागूनही काही गावं नकाशावरून चक्क नाहीशी होतात, नुसती भोकं दिसतात. ते कशामुळे? आणि दुसरं म्हणजे, ज्या गावात सात रुग्ण आहेत तिथे एकच का दिसतो?

---

नोंदवही

भिंगरी, दोन्ही प्रश्न नेमके आहेत.

भोकं: ज्या गावात एकही रुग्ण नाही ते गाव रुग्णयादीत नसतंच. जॉइन झाल्यावर त्याच्या रकान्यात शून्य येत नाही, 'नल' येतं, म्हणजे काहीच नाही. रंगांचे वर्ग करताना क्यूजीआयएस नल असलेले आकार काढतच नाही. कोअलेस फंक्शनने नलच्या जागी शून्य घालता येतं. पण थांबा! रुग्ण नाही म्हणून नल, की अहवालच आला नाही म्हणून नल? या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. अहवाल न आलेल्या गावाला शून्य दिलंत तर जिथे काय चाललंय ते माहीतच नाही ते गाव नकाशावर सगळ्यात निरोगी दिसेल. म्हणून 'अहवाल आला: हो/नाही' असा रकाना आधीपासून ठेवा. शून्यवाल्यांना फिकट रंग, अहवाल नसलेल्यांना राखाडी तिरप्या रेघा.

सातऐवजी एक: साधा जॉइन एका आकाराला एकच ओळ जोडतो. सात ओळी असल्या तरी एक उचलतो, बाकीच्या सोडतो, आणि चूक झाल्याचं काहीही सांगत नाही. म्हणून रुग्णयादी थेट जोडायची नसते. एक्सेलमध्ये पिव्होट करून गावामागे एक ओळ करा, मग जोडा. रुग्णांचे अक्षांश-रेखांश असतील तर पिव्होटही नको, 'बहुभुजातले बिंदू मोजा' हे साधन आहे. ते अडलं तर बहुतेक वेळा सीमांच्या आकारात दोष असतो, तेव्हा आधी 'भूमिती दुरुस्त करा' चालवा.

आणखी एक राहिलं. फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये दर काढताना नव्या रकान्याचा प्रकार आधीपासून पूर्णांक निवडलेला असतो. तो बदलला नाहीत तर २.७ चा ३ होतो.

---

अक्षवृत्त

तिसऱ्या प्रश्नावर माझी भर: प्रक्षेपण. पाठ्यपुस्तकात हे प्रकरण पन्नास पानांचं असतं. आरोग्यवाल्यांना त्यातल्या चारच गोष्टी लागतात, पण त्या पक्क्या लागतात.

पहिली. मोबाइल किंवा जीपीएसमधून येणारे अक्षांश-रेखांश अंशांमध्ये असतात. त्यांची संदर्भप्रणाली डब्ल्यूजीएस ८४, क्रमांक ईपीएसजी ४३२६. सीएसव्ही आणताना हीच निवडा. एक्सच्या जागी रेखांश, वायच्या जागी अक्षांश. बोलताना आपण 'अक्षांश-रेखांश' म्हणतो, त्यामुळे हात उलटा पडतो. जिओजेसन प्रकारच्या फाइलमध्येही रेखांश आधी लागतो. ठिपके भलत्याच खंडात पडले तर सगळ्यात आधी हीच अदलाबदल तपासा.

दुसरी. अंशांत अंतर मोजायचं नसतं. आरोग्य केंद्राभोवती ५ किलोमीटरचा बफर हवा म्हणून ४३२६ च्या थरावर ५ टाकलंत तर ५ अंशांचा बफर होतो. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटर, म्हणजे ५५५ किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ. हे निदान डोळ्यांना खटकतं. ०.०४५ टाकून 'जमलं' म्हणणं जास्त धोक्याचं, कारण विषुववृत्तापासून दूर जावं तसा रेखांशाचा अंश आखूड होत जातो आणि तुमचं वर्तुळ जमिनीवर वर्तुळ राहत नाही.

तिसरी. म्हणून थर मीटरवाल्या प्रणालीत न्यायचा, बहुतेकांना यूटीएम पुरते. पट्टा काढायला रेखांशात १८० मिळवा, ६ ने भागा, अपूर्णांक सोडून द्या, १ मिळवा. रेखांश ७५.९ असेल तर २५५.९ भागिले ६ म्हणजे ४२ आणि वर काही, अधिक १ म्हणजे पट्टा ४३. उत्तर गोलार्धात ईपीएसजी ३२६ च्या पुढे पट्टा, म्हणजे ३२६४३. दक्षिणेत ३२७ च्या पुढे.

चौथी, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच. 'थराची प्रणाली ठरवा' आणि 'थराचं पुनर्प्रक्षेपण करा' या दोन निरनिराळ्या आज्ञा आहेत. पहिली फक्त पाटी बदलते, आतले आकडे तेच राहतात. दुसरी आकडे खरोखर बदलून नवा थर करते. ४३२६ च्या थरावर पहिल्या आज्ञेने यूटीएमची पाटी लावली की ७५.९ आणि १८.५ हे अंश मीटर समजले जातात आणि सगळा जिल्हा काही मीटरच्या तुकड्यात गोळा होऊन विषुववृत्ताजवळ जाऊन बसतो.

आणि मागे दिसणारा वेब नकाशा ३८५७ मध्ये असतो, त्यावर अंतरं-क्षेत्रफळं मोजू नका. ६० अक्षांशावर लांबी दुप्पट दिसते, क्षेत्रफळ चौपट.

---

गलबत

अदलाबदलीच्या जोडीला शून्य-शून्य पण सांगा की. रिकाम्या रकान्यात कुणी शून्य भरलं की सगळे रुग्ण गिनीच्या आखातात. तिथे खऱ्या जगात फक्त हवामान मोजणारा एक तरंगता बोया ठेवला होता, आणि जगभरातल्या सर्वेक्षणांनी त्याला सगळ्या साथी देऊन झाल्यात :)

---

पायवाट

गलबत :D

फील्डवर नोंदी गोळा करण्याबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

कोबोकलेक्ट किंवा ओडीके ही मोबाइलवर नोंदी घेण्याची ॲप्स वापरत असाल तर स्थानाच्या प्रश्नाचं उत्तर एका रकान्यात चार आकडे म्हणून येतं: अक्षांश, रेखांश, उंची, अचूकता. शेवटचा आकडा लोक फेकून देतात. तोच ठेवायचा! तो मीटरमध्ये असतो. मोकळ्या आभाळाखाली साधा फोन सुमारे ५ मीटरपर्यंत येतो. पत्र्याच्या छपराखाली, उंच इमारतींच्या मध्ये किंवा दाट झाडीत तोच ५०-१०० वर जातो. नोंद घेणाऱ्यांना एवढंच शिकवा: घराबाहेर या, आकडा १० च्या खाली येईपर्यंत थांबा, मग साठवा. अचूकता ८० मीटर असेल तर कोणतं घर ते सांगता येणार नाही, कोणती वस्ती ते येईल. ती नोंद त्याच कामाला वापरा.

दशांशस्थळांचा हिशेब: चार स्थळं म्हणजे सुमारे ११ मीटर, पाच म्हणजे १.१ मीटर. पाच पुरे. दोनच स्थळं असतील तर किलोमीटरभराचा फरक धरून चाला.

जुन्या नोंदवह्यांत अंश-मिनिटं असतात. १८ अंश ३० मिनिटं म्हणजे १८.५०. कुणी घाईत १८.३० लिहिलं तर ठिपका २२ किलोमीटर दक्षिणेला सरकला. ही चूक ओळखायची खूण अशी की दशांशानंतरचे पहिले दोन अंक सगळ्या नोंदींमध्ये ६० च्या खालीच दिसतात. तसं दिसलं की मूळ वही मागवा.

---

दीपस्तंभ

आरोग्य आणि नकाशा म्हटलं की कॉलऱ्याच्या साथीचा नकाशा काढणाऱ्या डॉक्टर जॉन स्नोला विसरून कसं चालेल? पण ती गोष्ट अर्धवटच सांगितली जाते, म्हणून थोडं अवांतर.

१८५४, लंडन, ब्रॉड स्ट्रीटचा पंप. लोकांना वाटतं स्नोने नकाशा काढला, नकाशात पंप दिसला, ८ सप्टेंबरला दांडा काढला आणि साथ थांबली. प्रत्यक्षात कॉलरा पाण्यातून पसरतो हे त्याचं मत आधीपासूनचं होतं. दांडा निघाला तेव्हा साथ उतरणीला लागलीच होती. आणि नकाशा त्याने पुरावा मांडण्यासाठी नंतर प्रसिद्ध केला.

शिकण्यासारखं आहे ते अपवादांमध्ये. पोलंड स्ट्रीटवरच्या श्रमगृहाभोवती घरोघर मृत्यू होत होते, पण आतल्या ५३५ जणांपैकी फक्त ५ दगावले. तिथे स्वतःची विहीर होती. जवळच्या दारूभट्टीतले कामगारही वाचले, ते पंपाचं पाणी पीतच नव्हते. ठिपक्यांच्या दाटीइतकंच दाटीतल्या मोकळ्या जागेनेही त्याचं म्हणणं सिद्ध केलं. त्याने एका नकाशावर रेषाही आखली होती: या रेषेच्या आतल्यांना चालत जायला हा पंप सगळ्यात जवळ. सरळ रेषेतलं अंतर त्याने घेतलं नाही, रस्त्याने चालायचं घेतलं.

म्हणून छेदबिंदू, ठिपके अगदीच शेवटी ढकलू नका. स्नोकडेही प्रत्येक घरात किती माणसं राहतात याचे आकडे नव्हते, तरी ठिपक्यांनी काम केलं.

---

छेदबिंदू

दीपस्तंभ, छोट्या भागातली, थोड्या दिवसांची, एका उगमाची साथ असेल तर ठिपके हवेतच, मान्य. चार गल्ल्यांमध्ये लोकसंख्येची घनता फारशी बदलत नाही, म्हणून तिथे छेदावाचून निभावतं. जिल्ह्याचा पाच वर्षांचा क्षयरोग ठिपक्यांनी दाखवायला गेलात तर निभावत नाही. माझं म्हणणं या दुसऱ्या प्रकाराबद्दल होतं.

आता छेदाची दुसरी बाजू. दर काढला म्हणजे काम झालं असं नाही. दोन गावं घ्या. एकाची वस्ती ४००, रुग्ण १. दुसऱ्याची ४०,०००, रुग्ण १००. दोन्हींचा दर लाखाला २५०, नकाशावर रंग एकच. पण ९५ टक्के विश्वास-अंतर काढा. मोठ्या गावाचं साधारण २०३ ते ३०४. छोट्याचं ६ ते १३९३! त्याच्याबद्दल आपल्याला जवळजवळ काहीच कळलेलं नाही. पुढच्या वर्षी तिथे रुग्ण शून्य झाला की दर शून्य, दोन झाले की ५००. दरांच्या नकाशात सगळ्यात गडद आणि सगळ्यात फिकट दोन्ही टोकांना छोटी गावंच का दिसतात, त्याचं कारण हे.

उपाय तीन. वर्षं एकत्र करा. किंवा गावं एकत्र करा. किंवा जिओडामध्ये एम्पिरिकल बेझ पद्धतीने दर गुळगुळीत करून घ्या. त्यात छोट्या वस्तीचा दर सरासरीकडे जास्त ओढला जातो, मोठ्या वस्तीचा जवळपास जागेवर राहतो. मूळ दर आणि गुळगुळीत दर असे दोन नकाशे शेजारी ठेवा आणि कोणता कोणता ते लिहा.

वयाची रचना वेगळी असेल तर वयानुसार प्रमाणीकरण आधी. वृद्धांची वस्ती जास्त असलेला भाग कर्करोगाच्या साध्या दरात गडद येणारच, त्यात शोध लागला असं काही नाही.

---

भिंगरी

पण गावनिहाय लोकसंख्याच जुनी असेल तर छेद आणायचा कुठून?

---

अक्षवृत्त

वर्ल्डपॉपचे चौकटीवार अंदाज मिळतात, सुमारे १०० मीटरच्या चौकटीत, फुकट. ते रास्टर (चौकटींचा थर) आणि तुमच्या सीमा घेऊन 'झोनल स्टॅटिस्टिक्स' चालवा आणि बेरीज निवडा. सरासरी निवडलीत तर एका चौकटीतली सरासरी माणसं मिळतील आणि दर आभाळाला भिडेल. मोठ्या क्षेत्रासाठी हे आकडे बरे असतात, एकेका वस्तीसाठी कच्चे, कारण ते मोठ्या भागाची लोकसंख्या चौकटींवर वाटून काढलेले असतात. आणि रुग्ण, लोकसंख्या, सीमा तिन्ही एकाच काळातले आहेत ना बघा. तालुका मधल्या काळात विभागला गेला असेल तर अंश (रुग्ण) नव्या तालुक्याचा आणि छेद (लोकसंख्या) जुन्याचा होतो.

---

कोरीपाटी

धागा अपेक्षेपेक्षा फार पुढे गेलाय, सगळ्यांचे आभार. आता मुख्य शंका. वरिष्ठ लोक एकच विचारतात, 'हॉटस्पॉट कुठाय?' क्यूजीआयएसमधला हीटमॅप त्यासाठी पुरतो का?

---

दीपस्तंभ

नाही पुरत. हीटमॅप म्हणजे ठिपक्यांची घनता, छेद नाहीच, म्हणजे पुन्हा लोकसंख्येचा नकाशा. शिवाय त्रिज्या तुम्ही ठरवता. ५०० मीटर दिली तर पंधरा डाग, ५ किलोमीटर दिली तर एकच मोठा ढग. डागांची संख्या वरिष्ठांना सांगण्यात अर्थ नाही.

खरोखर गठ्ठा आहे का हे सॅटस्कॅनने तपासा. मार्टिन कुल्डॉर्फ यांची पद्धत आहे. तीन फायली लागतात: रुग्ण, लोकसंख्या, निर्देशांक (अक्षांश-रेखांश), तिन्हींमध्ये ठिकाणाचा संकेतांक हुबेहूब तोच (नोंदवहींचा प्रतिसाद पुन्हा वाचा). ते प्रत्येक ठिकाणाभोवती वर्तुळ वाढवत नेतं आणि आतला धोका बाहेरच्यापेक्षा किती जास्त ते बघतं. मग ९९९ वेळा यादृच्छिक वाटप करून हे निव्वळ योगायोगाने घडलं असतं का ते तपासतं. म्हणूनच सगळ्यात लहान पी मूल्य ०.००१ येतं.

दोन सूचना. वर्तुळाची कमाल मर्यादा आधीपासून ५० टक्के लोकसंख्या अशी असते. तशीच ठेवली तर अर्धा जिल्हा व्यापणारा 'गठ्ठा' येऊ शकतो, ज्यावर काही कारवाई करता येत नाही. मर्यादा कमी करायची तर निकाल बघण्याआधी ठरवा. दुसरं म्हणजे वर्तुळ नदीकाठच्या लांबट साथीला नीट बसत नाही, लंबवर्तुळाचा पर्याय आहे.

जिओडातली स्थानिक मोरान चाचणीही (प्रत्येक गावाची शेजारच्या गावांशी तुलना) चालते, पण ३०० गावं ०.०५ पातळीवर तपासलीत तर काही नसतानाही पंधराएक गावं लाल होतील. पातळी कडक करा.

---

पायवाट

आणि लाल झालेल्या ठिकाणी प्रयोगशाळा तर नाही ना ते बघा. जिथे तपासणी जास्त तिथे रुग्ण जास्त.

पत्त्याचंही तसंच. रुग्णयादीतला पत्ता घराचा असतो, संसर्ग तिथेच झाला असं नाही. डेंग्यूचा एडिस दिवसा चावतो, म्हणजे शाळा आणि कामाची जागाही विचारायला हवी. कॉलऱ्यात लागण होऊन लक्षणं दिसायला १२ तास ते ५ दिवस, त्या मुदतीत माणूस कुठे होता ते महत्त्वाचं. कर्करोगात तर आजच्या पत्त्याचा संबंध असेलच असं नाही. आणि काही याद्यांत पत्त्याच्या रकान्यात चक्क रुग्णालयाचा पत्ता असतो. एकाच बिंदूवर चाळीस ठिपके एकावर एक पडले की आधी ही शंका घ्या.

---

कुंपण

इतका वेळ नुसतं वाचत होतो. एक गोष्ट कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. घरावरचा ठिपका म्हणजे रुग्णाचं नाव. क्षयरोग, एचआयव्ही, मानसिक आजार, गर्भपात यांचे ठिपके कुठल्याही सादरीकरणात जाता कामा नयेत. छोट्या चित्रात दिसणार नाही असं समजू नका, चित्र रस्त्यांच्या नकाशावर बसवून ठिपक्याचा पत्ता परत काढता येतो.

डीएचएस (देशोदेशी होणारी लोकसंख्या आणि आरोग्याची सर्वेक्षणं) काय करतात बघा: शहरी समूहांचे निर्देशांक २ किलोमीटरपर्यंत, ग्रामीण ५ पर्यंत, आणि ग्रामीणांतल्या १ टक्क्याचे १० पर्यंत यादृच्छिक दिशेने सरकवून मगच देतात. म्हणून ती माहिती वापरताना 'या समूहापासून ३ किलोमीटरवर दवाखाना' असली वाक्यं लिहू नयेत.

गावनिहाय तक्त्यातही पाचापेक्षा कमी रुग्ण असतील तर आकडा झाकायची पद्धत बऱ्याच संस्था पाळतात, काही ठिकाणी मर्यादा दहा-अकराची असते. एकच गाव झाकलं आणि तालुक्याची बेरीज तशीच दिली तर वजाबाकीने आकडा निघतो, तेव्हा दुसरंही एक झाका. आणि वेब नकाशावर रकाना 'लपवला' तरी तो खाली फाइलमध्ये असतोच. पाठवायची प्रत करताना नाव, फोन, मूळ निर्देशांक हे रकाने काढूनच टाका.

---

रंगपेटी

कुंपण यांच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन.

रंगांचं थोडक्यात. दराला एकाच रंगाच्या फिकट ते गडद छटा. अपेक्षितापेक्षा कमी-जास्त दाखवायचं असेल तर दोन रंग, मध्ये १ वर पांढरट. वर्ग चार-पाच, त्याहून जास्त छटा डोळ्यांना वेगळ्या कळत नाहीत. लाल-हिरवा एकत्र नको, रंगांधळेपणा असलेल्यांना तो एकच दिसतो. कलरब्रूअरच्या रंगसंगती क्यूजीआयएसमध्ये आयत्या आहेत.

वर्ग पाडताना 'नैसर्गिक खंड' ही पद्धत एका नकाशाला बरी. दोन वर्षांची तुलना करायची असेल तर ती नको, प्रत्येक वर्षी सीमा वेगळ्या पडतात आणि रुग्ण निम्म्यावर आले तरी नकाशा तेवढाच गडद दिसतो. सीमा हाताने ठरवा आणि दोन्हीकडे त्याच ठेवा. रुग्णसंख्याच दाखवायची असेल तर आकार भरू नका, वर्तुळं काढा, संख्येच्या प्रमाणात मोठी.

---

नोंदवही

आणि शेपफाइल (नकाशाचा थर साठवण्याचा जुना प्रकार) पाठवताना तिच्या चारही फायली पाठवा हो! एसएचपी, एसएचएक्स, डीबीएफ, पीआरजे. एकटी एसएचपी मेलवर येते आणि समोरचा काही करू शकत नाही. रकान्याचं नाव दहा अक्षरांत तोडलं जातं, म्हणून 'rugnasankhya_2022' आणि 'rugnasankhya_2023' सारखी लांब नावं तुटून एकसारखी होतात. देवनागरी नावं चौकोन-प्रश्नचिन्हं दिसली तर एन्कोडिंग यूटीएफ-८ करा. त्यापेक्षा जिओपॅकेजच वापरा, एकच फाइल, या तिन्ही कटकटी नाहीत.

---

कोरीपाटी

सगळं वाचून क्रम बदलते. बघा पटतो का:

तक्ता आणि संकेतांक → जॉइन, नल आणि शून्य → छेद आणि दर (नॉर्थ कॅरोलिनाचा सराव) → रंग आणि वर्ग → ४३२६, यूटीएम, बफर → फील्डवरचे ठिपके आणि गोपनीयता → छोट्या आकड्यांचे दर → सॅटस्कॅन.

---

छेदबिंदू

पटतो. ठिपके सहाव्या क्रमांकावर, माझी तक्रार नाही.

---

कुंपण

माझी आहे. गोपनीयता पहिल्या क्रमांकावर, तक्त्याच्या सोबत. सरावाची फाइल ज्या क्षणी तयार होते त्याच क्षणी नाव आणि फोन वेगळ्या फाइलमध्ये जायला हवेत. सहाव्या पायरीपर्यंत ती फाइल पाच जणांना जाऊन आलेली असते.

---

पायवाट

कुंपण बरोबर. आणि बफरच्या पुढे प्रवासवेळ जोडा. ५ किलोमीटरच्या वर्तुळातलं गाव नदीपलीकडे असेल आणि पूल १२ किलोमीटरवर असेल तर वर्तुळाला काही अर्थ नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं ॲक्सेसमॉड उतार, रस्ते, नद्या धरून वेळ काढतं, फुकट आहे. फक्त पुलाच्या जागी नदी ओलांडता येते असं थरांमध्ये नीट आलंय का ते आधी बघा, नाहीतर पूल असूनही पलीकडचा सगळा भाग 'पोहोचता येत नाही' असा येतो.

---

कोरीपाटी

दोन्ही बदल केले. गोपनीयता पहिल्या पायरीवर, प्रवासवेळ बफरनंतर. नॉर्थ कॅरोलिनाचा थर उघडला, पण त्याची प्रणाली ४३२६ नाही दाखवत, ४२६७ दाखवते. तसंच चालेल का?

---

अक्षवृत्त

ती जुनी उत्तर अमेरिकी प्रणाली आहे, एनएडी २७. रंग द्यायला आणि दर काढायला तशीच चालेल. अंतर मोजायचं झालं तर आधी पुनर्प्रक्षेपण करा. 'प्रणाली ठरवा' नव्हे.